ग्राहकांची यादी ही अमानत आहे

सदर : हलाल कमाई



या महिन्याचा प्रश्न परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरी गावातून आला आहे. पत्र एका भगिनीचे आहे. त्यांच्या घरी काळा मसाला, येसर, लोणची आणि शेवया तयार होतात. आधी पुण्यात राहणाऱ्या दिराकडे डबे जायचे. दिराच्या शेजाऱ्यांनी चव घेतली, मग त्यांनीही मागवायला सुरुवात केली. आता मोबाइलवर ऑर्डर येतात आणि महिन्याला ३०-४० पार्सले पोस्टाने, कुरियरने जातात. मुलाने इंस्टाग्रामवर पानही उघडून दिले आहे.

अशात त्यांना एका माणसाचा फोन आला. दीड हजार रुपये भरा, ५० हजार लोकांचे ई-मेल पत्ते देतो, असे तो म्हणाला. मुस्लिम कुटुंबांची वेगळी यादी हवी असेल तर तीही आहे, रमजानच्या आधी एकदा सगळ्यांना मेल टाका, ऑर्डर आवरणार नाहीत. मुलगा म्हणतो, घेऊ या. सासरे म्हणतात, ज्यांनी आपल्याला कधी नाव सांगितले नाही त्यांच्या दारात कशाला जायचे? घरात दोन मते झाली आहेत आणि दीड हजार रुपये ही त्या घरासाठी लहान रक्कम नाही. भगिनींनी विचारले आहे : यादी घ्यावी का? घ्यायची नसेल तर स्वतःची यादी करावी कशी?

उत्तर आधी देऊन टाकू या. यादी घेऊ नका. सासऱ्यांचे म्हणणे दीनच्या दृष्टीने बरोबर आहे, धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे. पण मुलाचीही एक गोष्ट खरी आहे. घरचा धंदा वाढवायचा तर ग्राहकांची स्वतःची यादी हवीच. ती कशी करायची ते सविस्तर पाहू.

यादी कशाला हवी?

झरीत ई-मेल कोण उघडतो, असा पहिला प्रश्न येईल. गावात सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो हे खरे आहे. पण हा मसाला झरीत विकायचा नाही. तो घेणारी माणसे पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत आहेत. काही जण आखाती देशांत नोकरीला आहेत. कार्यालयात काम करणारा माणूस रोज मेल उघडतो. बिल, तिकीट, बँकेचा हिशेब, मुलांच्या शाळेची सूचना त्याला मेलवरच येते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. इंस्टाग्रामचे पान किंवा व्हॉट्सॲपचा गट म्हणजे दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान. ओटा त्याचा आहे, उठवायचे केव्हा हे तोच ठरवतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींनी तिथे हजारो, लाखो चाहते मिळवले होते. ते चाहते त्यांना बरोबर नेता आले नाहीत, कारण त्यांतल्या एकाचाही पत्ता त्यांच्याकडे नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इंस्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद पडले. त्या सहा तासांत ज्यांचा सगळा धंदा तिथेच होता त्यांना नुसते बसून राहावे लागले.

ई-मेलच्या यादीचे तसे नाही. ती एका साध्या तक्त्यात उतरवून घेता येते. मेल पाठवणारी एक कंपनी बंद पडली किंवा महाग झाली तर तोच तक्ता दुसरीकडे नेता येतो. जुन्या काळी मासिकांच्या कचेरीत वर्गणीदारांची वही असायची. छापखाना बदलला, जागा बदलली, तरी वही बरोबर जायची आणि मासिक चालू राहायचे. ग्राहकांची यादी ही तशीच वही आहे.

विकतच्या यादीत काय असते?

फोनवरच्या माणसाने ५० हजार पत्ते आणले कुठून, हे त्याला विचारून पाहा. सरळ उत्तर येणार नाही. अशा याद्या संकेतस्थळांवरचे पत्ते संगणकाने उचलून बनतात, बक्षिसाच्या खोट्या अर्जांतून बनतात, कुठल्यातरी कंपनीतून फुटलेल्या माहितीतून बनतात. त्यांतले कितीतरी पत्ते बंद पडलेले असतात. काही पत्ते तर मुद्दाम पेरलेले असतात. नको असलेली मेल पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी असे पत्ते ठेवले जातात. ते कुणा माणसाचे नसतात, त्यांनी कधी कुठे नाव नोंदवलेले नसते. त्यांच्याकडे मेल गेली की पाठवणाऱ्याने यादी परवानगीशिवाय आणली हे उघड होते.

मग काय होते? जीमेल, याहू यांसारख्या सेवा प्रत्येक पाठवणाऱ्याची पत ठेवतात, जशी बँक कर्जदाराची ठेवते. लोकांनी तुमच्या मेलवर स्पॅमचे बटण दाबले की पत घसरते. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिले पाहिजे आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या खाली असावे, असे गूगलचे सांगणे आहे. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या तरी पाणी नाकाशी आले. ज्यांनी तुमचे नावही ऐकलेले नाही असे हजार लोक असतील तर त्यांतले तीन जण बटण दाबणार नाहीत का? एकदा पत गेली की तुमच्या खऱ्या ग्राहकालाही मेल पोहोचत नाही, ती त्याच्या स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडते. दीड हजार रुपये तर जातातच, जुने ३०-४० ग्राहकही हातचे जातात.

आणखी एक साधा हिशेब. घरगुती जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल पाठवता येते. ५० हजार लोकांना पाठवायला १०० दिवस लागतील. खाते त्याच्या कितीतरी आधी बंद होईल.

फोनवरच्या त्या माणसाचे दुसरे वाक्य मात्र अधिक गंभीर आहे. मुस्लिम कुटुंबांची वेगळी यादी त्याने का केली आणि ती आणखी कुणाकुणाला विकली? जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आलेले ॲपचे प्रकरण अनेक वाचक भगिनींना आठवत असेल. मुस्लिम महिलांची छायाचित्रे त्यांच्या नकळत उचलून त्यांचा लिलाव मांडल्याचा घाणेरडा प्रकार त्यात झाला होता आणि मुंबई पोलिसांनी काही तरुणांना अटक केली होती. आपल्या घरातल्या बायाबापड्यांची नावे, पत्ते, छायाचित्रे कुणीतरी गोळा करतो आणि कुणालाही देतो, ही भीती आपल्या घरांत उगाच नाही. मग तशीच गोळा केलेली यादी आपणच पैसे देऊन घ्यायची का? असा माल घेणारे असतात म्हणून तो विकणारे असतात.

आधी परवानगी, मग प्रवेश

कुरआनच्या सूरह नूरमध्ये २७ आणि २८ व्या आयतींत दुसऱ्याच्या घरी जाण्याचा शिष्टाचार सांगितला आहे. घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय आत जायचे नाही. घरात कुणी नसेल तर जायचे नाही. परत जा असे सांगितले तर परत फिरायचे, आणि तेच आपल्यासाठी अधिक स्वच्छ आहे, असा त्याचा आशय आहे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये तीनदा परवानगी मागावी आणि मिळाली नाही तर परतावे, असे मार्गदर्शन आहे.

ई-मेलची पेटी हे आजच्या माणसाचे खासगी दार आहे. त्यात त्याच्या आजाराचे कागद असतात, मुलांच्या फीच्या पावत्या असतात, नात्यातली पत्रे असतात. त्या दारातून आत जायचे तर वरचाच शिष्टाचार पुरेसा आहे. नाव सांगा, कशासाठी आलो ते सांगा, परवानगी घ्या आणि नको म्हटले की सलाम करून परत फिरा. विश्वासू यादी करण्याचे सगळे तंत्र या चार गोष्टींतच आले.

परवानगी न घेता दार ठोठावण्याची खोड मेलच्या जन्मापासूनची आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरातीची मेल पाठवली. इंटरनेट तेव्हा यायचे होते, त्याच्या आधीचे अर्पानेट हे जाळे होते. लोक चिडले, तक्रारी झाल्या. नको असलेल्या मेलची पहिली घटना म्हणून आजही तिचीच आठवण काढली जाते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती घेऊन दिलेली आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते. गप्प राहणे म्हणजे संमती होत नाही. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणेही सोपे असले पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची संमती लागते. संमती मिळाली होती हे दाखवण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर आहे. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तो आकडा मोठ्या कंपन्यांकडे पाहून ठेवलेला आहे. झरीच्या मसाल्याच्या घराने घाबरून जायचे कारण नाही. पण संमतीचा पुरावा ठेवण्याची सवय पहिल्या ग्राहकापासून लावून घ्यावी. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. तेव्हा तक्त्यात चार रकाने करा : नाव, ई-मेल, संमती कोणत्या तारखेला मिळाली, कुठून मिळाली. पाचव्या रकान्याची गरज नाही. जन्मतारीख, नवऱ्याचे नाव, घरात माणसे किती, असले प्रश्न विचारू नका. जे आपल्याकडे नाही ते आपल्याकडून फुटत नाही.

नावे जमवायची कशी?

सर्वांत चांगली जागा म्हणजे पार्सलचा डबा. ज्याने पैसे देऊन मसाला घेतला, डबा उघडला, वास घेतला, त्याच्याइतका जवळचा ग्राहक दुसरा नाही. डब्यात एक छोटी चिठ्ठी टाका. मजकूर असा असू शकेल :

‘मसाला आवडला असेल अशी आशा आहे. नवा मसाला, लोणची, शेवया केव्हा तयार होणार, भाव काय आणि एखादी पाककृती, असे महिन्यातून एकच पत्र आम्ही ई-मेलने पाठवतो. हवे असल्यास तुमचे नाव आणि ई-मेल कळवा. नको झाल्यावर एक शब्द लिहा, पत्र बंद होईल. तुमचा पत्ता आम्ही कुणालाही देणार नाही.’

या चिठ्ठीत काय पाठवणार, किती वेळा पाठवणार, बंद कसे करायचे आणि पत्त्याचे पुढे काय होणार, हे सगळे आले. यापेक्षा लांब मजकूर नको.

ऑर्डरचा अर्ज मोबाइलवर भरून घेत असाल तर त्यात शेवटी एक चौकोन ठेवा : ‘मला महिन्याचे पत्र हवे.’ तो चौकोन रिकामा ठेवा, आधीच खूण करून ठेवू नका. पार्सल पाठवण्यासाठी ग्राहकाने दिलेला मोबाइल क्रमांक आणि पत्ता हा पार्सलपुरता दिलेला असतो. त्यावर जाहिरात पाठवायची तर वेगळे विचारावे लागते. जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर एकेकट्याने विचारा. गटात ‘सगळ्यांनी मेल टाका’ असे लिहिले की एकाचा पत्ता सगळ्यांना दिसतो, आणि बऱ्याच भगिनींना ते आवडत नाही.

नाव आले की लगेच यादीत घालू नका. आधी एक मेल पाठवा : ‘तुम्ही झरीच्या मसाल्याचे पत्र मागवले आहे. हे तुम्हीच मागवले असेल तर खालची कळ दाबा.’ कळ दाबली तरच नाव पक्के. मेल पाठवणाऱ्या बहुतेक सेवांत ही दुहेरी संमतीची सोय असते. घरातल्या मुलाने गंमत म्हणून दुसऱ्याचा पत्ता टाकला असेल, जीमेलच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर मागेपुढे झाले असेल, तर ते इथेच गळते. दहातले दोन जण कळ दाबायला विसरतील. विसरू देत. राहिलेले आठ खरे आहेत.

नाव नोंदवणाऱ्याला काही भेट द्यावी का? द्यावी, पण आपल्या मालाशी जोडलेली. येसरची आमटी मराठवाड्याबाहेर फारशी कुणाला येत नाही. तिची कृती एका पानात लिहून पाठवा. सेहरी-इफ्तारच्या वेळापत्रकाचा मात्र आमिषासारखा वापर करू नये, असे आमचे मत आहे. वेळापत्रक द्यायचेच तर सर्वांना उघड द्या, त्याच्या बदल्यात पत्ता मागू नका. इबादतीची गरज अडवून धंद्याचे नाव जमवणे शोभत नाही.

मशिदीच्या वहीला हात नको

आपल्या समाजात याद्या पुष्कळ आहेत. मशिदीच्या चंद्याची वही असते. मदरशातल्या मुलांच्या पालकांचे क्रमांक असतात. हज-उमराला एकत्र गेलेल्यांचा गट असतो. सगळ्यांत नाजूक म्हणजे रिश्त्यांचे गट. त्यांत मुलींची नावे, वय, शिक्षण, छायाचित्र आणि वडिलांचा क्रमांक, सगळे असते.

यांपैकी एखादी वही आपल्या भावाकडे, मामूंकडे किंवा स्वतःकडेच असते आणि मोह होतो. सगळे आपलेच तर लोक आहेत, असे वाटते. पण चंदा देणाऱ्याने नाव मशिदीसाठी दिले, मसाल्यासाठी दिले नाही. मुलीच्या वडिलांनी क्रमांक रिश्त्यासाठी दिला. अमानत ज्या कामासाठी ठेवली त्याच कामाला वापरायची, हा नियम पैशाला लागू आहे तसा नावालाही लागू आहे. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोहोचवण्याचा हुकूम आहे. आणि व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. एकदा रिश्त्याच्या गटातून कुणाला जाहिरात गेली की पुढचे पालक त्या गटात मुलीची माहिती द्यायला कचरतील. नुकसान आपल्या धंद्यापुरते राहत नाही, एखाद्या मुलीच्या स्थळापर्यंत जाते.

पाठवायचे कसे?

पहिले २०-३० ग्राहक असतील तर साध्या जीमेलवरूनही चालेल. फक्त एक काळजी घ्या. सगळे पत्ते ‘टू’ या रकान्यात घालू नका. तसे केले तर प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसतात. ‘बीसीसी’ या रकान्यात घाला, म्हणजे कुणाचा पत्ता कुणाला दिसत नाही. ही चूक शिकली-सवरलेली माणसेही करतात, आणि एकदा मेल गेली की परत घेता येत नाही.

यादी शंभराच्या घरात गेली की मेल पाठवण्यासाठीच असलेली सेवा घ्या. लहान यादीसाठी मोफत वापरता येतील अशा सेवा आहेत. नाव नोंदवण्याचा अर्ज, दुहेरी संमती, पत्र बंद करण्याची कळ आणि किती पत्रे परत आली याचा हिशेब त्यात आपोआप मिळतो. त्याबरोबर स्वतःच्या नावाचे डोमेन घ्या. त्याचा खर्च वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे विकतच्या यादीपेक्षा कमी. जीमेलचा पत्ता दाखवून दुसऱ्या सेवेतून मेल पाठवली तर ती अडकण्याची शक्यता मोठी असते. स्वतःच्या डोमेनवरून पाठवली तर पोहोचते.

डोमेन घेतल्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी कराव्या लागतात. नावे अवघड आहेत, काम सोपे आहे. पहिली नोंद सांगते की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाकुणाला आहे. दुसरी नोंद मेलवर मोहोर लावते, म्हणजे वाटेत मजकूर बदलला तर कळते. तिसरी नोंद सांगते की या दोन तपासण्यांत न बसणारी मेल आली तर तिचे काय करायचे. आमच्या नावाने दुसऱ्याने खोटी पत्रे पाठवू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. दिवसाला ५ हजारांहून जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी गूगलने बंधनकारक केल्या आहेत. लहान पाठवणाऱ्यानेही केलेल्या बऱ्या. सेवा देणारी कंपनी नोंदींचा मजकूर देते, तो डोमेनच्या पानावर चिकटवायचा. बारावीतल्या मुलाला दुपारभरात जमेल.

लिहायचे काय?

दिलेला शब्द पाळायचा. महिन्यातून एक म्हटले तर एकच. दिवसही ठरवून टाका. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित शेतीचा सल्ला प्रसिद्ध करते. पाऊस कधी, फवारणी करावी की थांबावी, एवढेच त्यात असते, पण ठरलेल्या दिवशी आणि कामाचे असते, म्हणून शेतकरी वाट पाहतो. ठाण्याचे ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके विनामूल्य तयार करते आणि वाचकांना मेलने पाठवते. वाचक ती मेल आवडीने उघडतो, कारण तिच्यात त्याच्यासाठी पुस्तक असते. पत्रात वाचणाऱ्यासाठी काही असले की ते जाहिरात वाटत नाही.

मसाल्याच्या पत्रात काय असेल? यंदा मिरची कुठून आणली, तिखटपणा कसा आहे. नवी तूर पौषात आली, डाळ कधी तयार होईल. कैरीचे लोणचे मुरायला किती दिवस लागतील. एक पाककृती. भाव आणि टपालखर्च स्पष्ट. बस.

आणि खरे लिहायचे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळ गेले, राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसात भिजल्याचे सांगितले. तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता, असे आपण त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. सहीह मुस्लिममधली ही हदीस आहे. पावसाळ्यात धान्य भिजल्याचे दुःख ज्यांना ठाऊक आहे त्या परभणीकरांना ती वेगळी समजावून सांगायला नको. यंदा मिरचीचा रंग कमी उतरला असेल तर पत्रात वरच लिहा. काही जण मागवणार नाहीत. जे मागवतील ते पुढच्या वर्षी तुमच्या ‘यंदा रंग छान आहे’ यावर विश्वास ठेवतील.

‘फक्त दोन तास शिल्लक’, ‘शेवटचे पाच डबे’ असे खोटे लिहू नका. खोटी बोली लावून भाव वाढवण्याला शरीअतमध्ये नजश म्हणतात आणि त्याला मनाई आहे. खोटी घाई लावणे त्याच जातीचे आहे.

जाणाऱ्याला जाऊ द्या

प्रत्येक पत्राखाली बंद करण्याची कळ असावी, दिसेल अशा अक्षरात. कुणी ती दाबली तर कारण विचारत बसू नका, मागे फोन करू नका. अमेरिकेतल्या २००३ च्या कायद्यानुसार असे नाव दहा कामकाजी दिवसांत काढावे लागते. आपण त्याच दिवशी काढावे. परत जा म्हटल्यावर परत फिरण्यात कमीपणा नाही, हे आपण वर पाहिलेच. असा माणूस आज पत्र नको म्हणतो, पण ईदच्या आधी शेवया मागवायला येऊ शकतो.

वर्षातून एकदा यादी चाळून घ्या. ज्यांनी वर्षभरात एकही पत्र उघडले नाही, काही मागवले नाही, त्यांना एकदा विचारा : पत्र चालू ठेवू का? उत्तर नाही आले तर नाव काढा. परत येणारे पत्ते लगेच काढा. यादी लहान दिसेल, पण तिच्यातला प्रत्येक जण जिवंत ग्राहक असेल.

तक्ता सांभाळण्याचीही शिस्त हवी. तो एकाच जागी ठेवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर कपाटात. खात्याला पासवर्डबरोबर मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचे दुसरे कुलूप लावा. ज्या मोबाइलवर मुले खेळ खेळतात त्यावर यादी ठेवू नका. कुरियरवाल्याला त्या दिवशीच्या पार्सलांचे पत्ते पुरेत, पूर्ण यादी देऊ नका. नात्यातल्या कुणी दुसरा धंदा सुरू केला आणि यादी मागितली तर प्रेमाने नाही म्हणा. हवे तर आपल्या पत्रात त्यांच्याविषयी दोन ओळी लिहा, ज्याला हवे तो स्वतः त्यांच्याकडे जाईल.

या महिन्यात एवढे करा

झरीच्या भगिनींसाठी आणि घरून असा धंदा करणाऱ्या सर्वांसाठी थोडक्यात :

- दीड हजार रुपये यादीवर घालवू नका. त्यांतून डोमेन घ्या आणि चिठ्ठ्या छापून घ्या.
- पुढच्या प्रत्येक पार्सलमध्ये चिठ्ठी टाका.
- चार रकान्यांचा तक्ता करा.
- आलेल्या प्रत्येक नावाला आधी खात्रीची मेल पाठवा.
- पत्राचा दिवस ठरवा आणि पहिले पत्र लिहा, मग यादीत पंधराच नावे का असेनात.

समजा महिन्याला ३५ पार्सले जातात आणि त्यांतून पाच जण नाव देतात. वर्षाला ६० होतील. साठ घरे म्हणजे किती थोडी, असे मुलाला वाटेल. त्याला सांगा की या साठ घरांनी रमजानच्या आधी एकेक किलो शेवया मागवल्या तरी ६० किलो होतात, आणि तेवढ्या शेवया करायला घरातल्या बायकांना शाबानचा महिनाच लागेल. ५० हजार अनोळखी पत्त्यांवर पाठवून त्यातून साठ ऑर्डर येतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. साठ ओळखीच्या घरांची मात्र रोज थोडी थोडी वाढ होते, आणि प्रत्येक घर आणखी एका घराला सांगते. सासऱ्यांनी इतकी वर्षे गावात उधारीची वही अशीच चालवली असेल. नातवाला आता तीच वही मोबाइलवर चालवायची आहे.

अल्लाह आपल्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.